मागची बरणी

मिशीवाले भावोजी फक्त चमचाभर मागायला आले होते आणि तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

"वहिनी, रागावू नका," ते म्हणाले होते. "त्याच्या यीस्टमधलं चमचाभर मला द्या. त्याची बिअर घालणार नाही, हवी तर शपथ घेतो. नुसतं जपून ठेवतो. न जाणो, उद्या काही झालं तर..."

"व्हायचं आता काय राहिलंय, भावोजी?" ती म्हणाली. "ह्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही. आता हे नाहीत म्हणून मी वाटत सुटू?"

भावोजींनी मिशीवरून हात फिरवला, 'बरं' म्हणाले आणि निघून गेले. ते काही तिचे सख्खे दीर नव्हते. नवऱ्याचे जुने दोस्त, दोन गल्ल्या पलीकडे त्यांचंही असंच बिअर बनवायचं छोटं दुकान. मिशी अशी दांडगी, की ग्लास तोंडाला लावला की पहिला घोट मिशीच घ्यायची. दोघा दोस्तांचं आयुष्यभर एकच भांडण चाललं. भावोजी मागायचे आणि हा द्यायचा नाही. "किडनी माग, उद्या काढून देतो," तिचा नवरा म्हणायचा, "पण यीस्टचं नाव काढू नकोस." आणि सगळे खो खो हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

यीस्ट म्हणजे तरी काय हो? बरणीच्या तळाशी बसलेला पिवळट, दाटसर गाळ. परक्या माणसाने पाहिला तर नाक मुरडून नळाखाली धुऊन टाकील. पण बिअर आंबते ती त्याच्याच जिवावर. ती त्याला सरळ विरजण म्हणायची, आणि नवरा चिडायचा. "विरजण काय विरजण! दही लावतोय का मी?" पण रीत तीच होती. या घाण्याचा गाळ काढून ठेवायचा, पुढच्या घाण्याला लावायचा, त्याचा पुन्हा पुढच्याला. लग्नाच्या आधीपासून त्याने ते असं चालवत आणलं होतं. इतक्या वर्षांत त्या यीस्टला स्वतःचा स्वभाव आला होता. पिकल्या केळ्याचा वास, त्यात थोडी लवंग, आणि मागून उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखं काहीतरी. बाजारात यीस्टची पाकिटं हवी तेवढी मिळतात. त्यांची बिअर होते, चांगलीही होते. पण ती याची बिअर होत नाही.

बाटल्या त्याने कधी भरल्या नाहीत. बिअर प्यायची तर माझ्या दारात येऊन प्यायची आणि हिच्या हातचं खात प्यायची, असा त्याचा खाक्या. पुढे चार टेबलं मांडलेली, मध्ये तिचं स्वयंपाकघर, मागच्या अंगाला त्याच्या टाक्या. कशाबरोबर काय जाईल यावरून दोघांची रोज जुंपायची. ती म्हणायची, माझ्या माशाला तुझी फिकी बिअर लागते. तो म्हणायचा, चूक, माझ्या फिक्या बिअरला तुझा मासा लागतो. भाजलेल्या मटणाबरोबर काळी द्यायची की तांबूस, यावरून एकदा आठवडाभर अबोला झाला होता. गिऱ्हाइकांना फुकटचा तमाशा. शेवटी मटण काळ्या बिअरमध्येच शिजवून तिने त्याच्यापुढे आदळलं, आणि तो ताट चाटूनपुसून म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." असा माणूस. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

फ्रिजच्या खालच्या फळीवर दोन बरण्या असायच्या, एकीमागे एक. मागची टाकीची, पुढची स्वयंपाकघराची. नवा घाणा उतरला की ताजं यीस्ट मागच्या बरणीत जायचं, आणि आधीचं पुढच्या बरणीत येऊन तिच्या पावाला लागायचं. बरण्या दोन्ही सारख्या, एकाच दुकानातून आणलेल्या, वर ना खूण ना चिठ्ठी. गरजच नव्हती. तिचा हात न बघता पुढच्या बरणीवर जायचा, त्याचा मागच्या. हा नियम त्यांनी कधी बोलून ठरवला नाही, कुणाला सांगितलाही नाही. दोघांच्या अंगवळणी पडलेलं असतं ते सांगायचं राहूनच जातं.

मग तो आजारी पडला. टाक्या रिकाम्या झाल्या, तिचा पाव बंद झाला, चूलच थंडावली म्हणा ना. दवाखान्याच्या खेपा, औषधांचे वास, आणि एक दिवस तेही संपलं. मागे राहिलं त्याच्या बिअरचं एक छोटं पिंप, थंड खोलीत, कुणी हात न लावलेलं. आणि फ्रिजमधल्या त्या दोन बरण्या.

लेक तर त्याच्या आजारपणातच आली होती. लहानपणी घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीने लावायची, म्हणून बापाने तिचं नाव 'मास्तरीण' ठेवलं होतं. ती दूरच्या शहरात औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरीला होती. बापाच्या उशाशी बसून तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. पाणी किती तापवायचं, माल्टचे जव किती, कडवटपणाला हॉप्सची फुलं केव्हा, सगळं. जन्मभर कुणाला ताकास तूर लागू न देणारा माणूस, पण पोरीला भडाभडा सांगत सुटला. "मागची बरणी घे," तो तिला म्हणाला होता. "मागचीच." त्यानंतर तो फारसं बोलला नाही.

मास्तरणीने नोकरीचा राजीनामा दिला. "बाबांची बिअर थांबू द्यायची नाही, आई," ती म्हणाली. टाक्या घासून लखलखीत केल्या, औषध टाकून धुतल्या, पाइप उकळले. सोमवारी पहिला घाणा लावायचा ठरलं. आईचा जीव सुपाएवढा झाला. पोरगी घरी राहणार होती. ती आईसाठी राहतेय की त्या बरणीसाठी, हा प्रश्न आईने स्वतःला विचारला नव्हता. विचारायची भीती वाटत होती, खरं म्हणजे.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याचं शेवटचं पिंप फोडायचं आणि जुन्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलवायचं, हे दोघींनी मिळून ठरवलं. भावोजींनाही बोलावणं गेलं. दारातून परत पाठवल्याचं तिच्या मनाला लागून राहिलं होतंच.

सकाळी ती अंधारातच उठली. पावाला बरंच पीठ लागणार होतं. फ्रिज उघडला, हात खालच्या फळीवर गेला, पुढची बरणी बाहेर आली. झाकण उघडलं तर काय! यीस्ट फसफसत वर आलेलं, ताजं, केळ्याच्या वासाने घमघमणारं. किती महिन्यांत तिने त्याला हात लावला नव्हता, दाणा घातला नव्हता. मेलं असेल, निदान मलूल झालं असेल असं धरून ती उठली होती. तिचे डोळेच भरून आले. "अजून धुगधुगी आहे बाई तुझ्यात," ती बरणीशी बोलली. तिथेच तिला शंका यायला हवी होती. पण दुःखात बुडालेल्या बाईला तेवढाच एक आधार मिळाला होता, ती कशाला शंका घेईल? तिला वाटलं, यांनीच वरून पाठवलं. सगळी बरणी तिने पिठात ओतली, कडेचं चमच्याने खरवडून घेतलं, बरणी कढत पाण्याने धुऊन उपडी घातली.

दुपारी हवा कुंद होती. टेबलं एकत्र जोडली होती. खाटीक आला, समोरची शिंपीणबाई आली, निवृत्त पोस्टमन आला, मिशीवाले भावोजी सगळ्यात शेवटी आले आणि कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. आधी बिअरच्या पिठात बुडवून तळलेला मासा आणि भावोजींनी आदल्या दिवशीच पाठवलेली फिकी बिअर. मग त्यांच्याच काळ्या बिअरमध्ये शिजवलेलं मटण. लोक बोलत होते, पण हळू आवाजात. पोस्टमनने नवऱ्याचा एक किस्सा सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. कुणी पुढे काय झालं म्हणून विचारलं नाही.

मग मास्तरणीने पिंप फोडलं. ग्लासांत गढूळ, तांबूस बिअर उतरली. त्याच्याबरोबर गरम पाव आणि जुनं, कडक चीज, त्याची आवडती जोडी. 'या बिअरला याच्याशिवाय दुसरं काही दिलंस तर मी दुकान सोडून जाईन,' म्हणायचा. एकदा जातो म्हणून खरंच गेला होता, संध्याकाळी भूक लागली म्हणून परत आला. सगळ्यांनी ग्लास उचलले. शिंपीणबाई पदराने डोळे टिपत राहिली.

पाव मात्र असा झाला होता, की काय सांगावं. आत लुसलुशीत, वरून खरपूस, आणि वास तर असा की बिअर कुठे संपते आणि पाव कुठे सुरू होतो कळेना. टोपली आली तशी रिकामी झाली, ग्लासही थेंब न उरता. "वहिनी, असा पाव तुम्ही उभ्या जन्मात केला नव्हता," खाटीक म्हणाला. ती कसनुशी हसली. खूप दिवसांनी तिला थोडं बरं वाटत होतं.

भावोजी खात नव्हते. पावाचा तुकडा मोडून त्यांनी नाकाजवळ धरला होता. मग त्यांनी रिकाम्या ग्लासाचा वास घेतला. पुन्हा पावाचा. आणि उठून ते स्वयंपाकघरात तिच्या मागे आले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले. "पावात कुठलं यीस्ट घातलंत?"

"कुठलं म्हणजे? नेहमीचं. पुढच्या बरणीतलं."

"ते इतक्या महिन्यांचं जुनं ना?"

"हो, पण काय सांगू, असं फसफसत..." ती बोलता बोलता थांबली. भावोजींचा चेहरा तिला बरा दिसेना.

"मागची बरणी बघा जरा," ते म्हणाले.

तिने फ्रिज उघडला. मागच्या जागी एक बरणी होती. ती पुढे ओढली, झाकण फिरवलं. वर काळीहिरवी बुरशी, खाली काळपट पाणी, आणि नाकाला झोंबणारा सडका वास. भावोजींनी बरणी हातात घेतली, चमच्याने बुरशी बाजूला सारली, खालचं उजेडात धरून बघितलं, वास घेतला आणि मान हलवली.

"मेलंय हे. कधीच मेलंय."

"मग ते..." तिने फ्रिजच्या रिकाम्या फळीकडे बघितलं. "अहो, पण पुढची माझीच असते! कायम!"

आणि मग तिला दिसलं, अगदी डोळ्यांसमोर दिसलं. मास्तरणीने दोन दिवसांपूर्वी मागची बरणी काढली, बापाने सांगितली तीच. त्यात माल्टचा गोड काढा घालून यीस्टला खाऊपिऊ घातलं, जागं केलं. आणि सोमवारी विसरायला नको, नीट डोळ्यांसमोर राहावी, म्हणून मोठ्या काळजीने पुढे आणून ठेवली, पुढची जुनी मागे सरकवून. काळजीच ती. चपला ओळीत लावणारी पोर, ती काय निष्काळजी असणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की या फ्रिजमध्ये पुढे ठेवलेलं पावात जातं.

ती स्टुलावर बसली. "मी भाजलं हो," ती म्हणाली. "भावोजी, मी भाजून वाढलं सगळ्यांना."

"पिठाचा गोळा राहिलाय का? थोडासा?"

"नाही. सगळे पाव घातले भट्टीत."

"बरणी?"

ती उपडी घातलेल्या बरणीकडे बघत राहिली. कढत पाण्याने धुतलेली, स्वच्छ, कोरडी.

भावोजींनी 'चमचाभर' हा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. त्याऐवजी ते एकदम ताठ झाले.

"पिंप!" ते म्हणाले. "वहिनी, पिंपाच्या तळाशी गाळ असेल. त्याची बिअर कधी गाळलेली नसायची. त्यात जिवंत असतं ते! वाटीभर गाळ मिळाला तरी मी वाढवून देतो. महिना लागेल, पण वाढवतो. पिंप कुठाय?"

तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ती उठली आणि धावत सुटली, भावोजी मागे. थंड खोलीच्या बाहेर, मोरीपाशी पिंप आडवं पडलेलं होतं. तोंड उघडं. भावोजींनी ते उचलून उलटं केलं. पाण्याचे दोन थेंब पडले. आत धुतलेलं होतं.

अर्थातच धुतलेलं होतं. मास्तरीण कुठलीही गोष्ट न धुता ठेवत नसे.

आणि तेव्हा तिला वास आला. साखर करपायच्या आधी येतो तसा, गोड, जड वास, आणि त्यात केळं, लवंग. सकाळी आपणच पोरीला काय सांगितलं होतं ते तिला आठवलं. 'पिंपात शेवटी गढूळ उरतं ना, ते फेकू नकोस हं. साखर घालून उकळ, आटव, त्याचा पाक कर. चॉकलेटच्या केकवर घालू. ह्यांना वाया गेलेलं मुळीच खपायचं नाही.'

टाक्यांच्या बाजूला, छोट्या शेगडीपाशी मास्तरीण उभी होती. पातेल्यात पाक रटरटत होता, काळसर, चकचकीत. एका हातात डाव, दुसऱ्या हातात पावाचा कोपरा. लहानपणापासून तिला कोपराच लागायचा. भावोजींनी पातेल्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि तिथेच उभे राहिले.

"आई, हा पाव!" मास्तरीण म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. "अगं याला बाबांचा वास येतोय. अगदी बाबांच्या शर्टाचा. कसं काय जमवलंस?" आणि तिने मोठा घास तोडला.

आईला वाटलं, सांगू नये. आज तरी नको. आजचा दिवस पोरीला हा पाव खाऊ दे, केक खाऊ दे, रात्री शांत झोपू दे. पण उद्या सकाळी ती उठणार, पाणी तापवणार, माल्ट घालणार आणि फ्रिज उघडणार. आणि मग? मग 'आई, बरणी कुठाय?' म्हणून विचारणार, आणि टाकीभर गोड पाणी तिच्यापुढे थंड होत बसणार. तिला तसं उभं करायचं? छे.

"उद्याचं राहू दे, बाळा," ती म्हणाली. "उद्या टाकी लावू नकोस."

"का गं?"

"तू पुढे ठेवलेलीस ना बरणी... ती मी पावात घातली. मला वाटलं माझी आहे. पुढची नेहमी माझी असते गं. ह्यांनी तुला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि पिंपातलं हे." तिने पातेल्याकडे बोट केलं. "हे तुला मीच उकळायला सांगितलं. आता कुठेच नाही ते. हाच पाव आहे. तू खातेयस तो."

मास्तरीण चावायची थांबली. तिने आईकडे पाहिलं, भिंतीपाशी उभ्या असलेल्या भावोजींकडे पाहिलं. त्यांनी वळून बघितलं नाही. मग तिने हातातल्या उरलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. पाक उतू जाऊन शेगडीवर चर्र वाजला, तरी तिने डाव हलवला नाही. बाहेर खाटीक मोठ्याने विचारत होता, "वहिनी, आणखी पाव आहे का हो?"

"सांगायचं होतंस गं," असं काहीतरी बोलायला ती गेली असावी, पण तोंडात घास होता. तो तिच्याने गिळवेना. थुंकवेनाही. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहतंय आणि ओठ घट्ट मिटलेले.

आई पुढे झाली. लहानपणी औषधाची कडू गोळी जिभेवर अडकली की धरायची, तसा तिने आपला तळवा लेकीच्या हनुवटीखाली धरला. "टाक बाळा," ती म्हणाली. "टाक माझ्या हातात."

मास्तरणीने मिटल्या तोंडाने मान हलवली. नाही.